दोन कंपन्यांची पंगत

पाहुण्याने विळा धरला होता, तोही उलटा. सखाने ते पाहिलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं.

"धार आतल्या अंगाला असते," एवढं बोलून तो पुढच्या ओळीला लागला. शिकवत बसायची त्याला मुळीच हौस नव्हती.

पेणहून आलेला हा ऋत्विक सखाच्या समीक्षाला मागणी घालायला आला होता. ऐन भातकापणीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून! ओढ्यापलीकडच्या त्या शेतात सावडीला बारा माणसं जमलेली. आज सखाचं शेत, उद्या गुणाजीचं. मजुरी कुणी कुणाला देत नाही. सखाने पाहुण्याला बांधावरच अडवलं होतं, "आधी कापणी, मग बोलणी." मनात मात्र त्याचं ठरलेलं होतं. नाय म्हणजे नाय.

कारण अख्ख्या गावाला पाठ होतं. समीक्षा हवाई सुंदरी होती, लाल गणवेशाच्या एका छोट्या विमान कंपनीत. नांदेड, जळगाव, कोल्हापूर अशी त्यांची विमानं उडायची. ऋत्विक त्याच मार्गांवरच्या निळ्या कंपनीत तेच काम करायचा. निळ्यांनी तिकीट हजारावर आणलं, तर लालवाल्यांनी आठशेवर. निळ्यांनी समोसा फुकट वाटला, तर लालवाल्यांनी समोसा आणि वर सरबत. मे महिन्यात लाल कंपनीचं दिवाळं वाजलं आणि सखाची पोर घरी बसली. गणपतीच्या आत निळीही आडवी झाली. त्या दिवशी सखाने मारुतीला नारळ फोडला होता. आता त्याच निळ्याला जावई करून घ्यायचं? काय डोकं फिरलंय काय!

उन्हं डोक्यावर आली. ऋत्विकच्या शर्टाचा पार चोळामोळा झाला होता, बोटाला रुमाल गुंडाळलेला होता, ओळ वेडीवाकडी कापली होती; पण गडी थांबला नव्हता. सखाला तेही खटकलं. थांबला असता तर नकार देणं सोपं गेलं असतं.

एवढ्यात सखाची बायको सरू आणि समीक्षा भाकऱ्या घेऊन आल्या. माणसं हात धुऊन बांधावर ओळीने टेकली. सखा यजमान, तो मधोमध बसला. सकाळपासून त्याच्या पोटात चहाच्या घोटाशिवाय काही नव्हतं.

धोंडुबाई गावातली सगळ्यात म्हातारी. तिने समीक्षाचा हात धरला. "अगो, इमानात कसं वाढतात गो? आमी काय जलमात बसनार नाय. हितंच दावा की! कंपन्या तं दोन हायत. बघू कुनाची चांगली."

झालं! सरूने भाकऱ्या दोन टोपल्यांत निम्म्या निम्म्या केल्या. समीक्षा बांधाच्या या टोकाला, ऋत्विक त्या टोकाला. दोघं ताठ उभी राहिली आणि एकदम वेगळीच माणसं झाली.

"मॅडम, आपण काय घेणार? सुकट की लसणीची चटणी?" समीक्षाने कमरेत वाकून विचारलं.

"दोनी!" धोंडुबाई म्हणाली, आणि बांध हसून हसून लोळायला लागला.

समीक्षाने तिला दोनऐवजी तीन भाकऱ्या दिल्या. ते पाहून त्या टोकाकडून गुणाजी ओरडला, "ओ निळी कंपनी! तिकडं तीन चालल्यात. आमच्यावर अन्याव काय रं?"

ऋत्विकने चार दिल्या. वर कांदा. समीक्षाने कांदा आणि दुप्पट सुकट दिली. सरू पदर तोंडाला लावून हसता हसता सांगत होती, "अरं, पुरवून पुरवून वाढा!" पण ऐकतो कोण? दोघांचं लक्ष एकमेकांच्या टोपलीकडे. डोळे नुसते चमकत होते. पोर इतकी हसलेली सखाने मे महिन्यापासून पाहिली नव्हती.

दोन्ही बाजूंनी वाढत वाढत दोघं एकाच वेळी सखासमोर येऊन ठेपली. एकाच वेळी वाकली.

"सर, आपण काय—"

टोपल्या रिकाम्या होत्या. चटणीचं भांडंसुद्धा पुसून निघालं होतं.

बांधावरचं हसू गपकन थांबलं. ऋत्विकचे कान लाल झाले. "चुकलं, काका. हिच्याकडे बघता बघता तुम्हीच राहिलात."

"माझंही चुकलं, बाबा," समीक्षा पुटपुटली.

सखाला आता चांगलं खडसवायचं होतं. आयती संधी चालून आली होती. त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून हसू बाहेर पडलं. मग ते काही केल्या आवरेना.

"अशाच बुडवल्यात व्हय रं दोन्ही कंपन्या?"

बांध पुन्हा फुटला. धोंडुबाईने आपल्यातली एक भाकरी आणि सुकट पुढे केली. गुणाजीने दोन. दोन्हीकडून हातोहात भाकऱ्या येत गेल्या, आणि बघता बघता सखाच्या मांडीवर आठ झाल्या.

"बसा आता," सखाने दोघांना दोन बाजूंना बसवलं. एक भाकरी लेकीला दिली. दुसरी ऋत्विकच्या रुमाल गुंडाळलेल्या हातात ठेवली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने सुकट वाढली. ऋत्विकने घास न मोडताच विचारलं,

"काका, ती बोलणी..."

सखाने आपला घास सावकाश चावून संपवला. मग सगळ्या बांधाला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला सांगितलं,

"सरू, लग्नात वाढायला ह्या दोघांना हात लावू देऊ नको. अख्खा मांडव उपाशी उठंल."