बास्तियाची बोट

"टोपी अजून खाली ओढ," नीवेस पुटपुटली. "आणि मान वर करू नकोस."

ओरेस्तेने टोपी भुवयांपर्यंत ओढली. अकराला बोट सुटणार होती. एकदा फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर, बास्तियाच्या किनाऱ्याला लागलं की इटलीचे पोलीस हात लावू शकत नव्हते. पण बोटीत चढायच्या फळीपाशीच एक पोलीस उभा होता.

चार महिन्यांपूर्वी लिव्होर्नोच्या याच गोदीत ओरेस्तेचं मुकादम बाल्दाच्चीशी भांडण झालं होतं. रागाच्या भरात त्याने पोती उचलायचा लोखंडी आकडा हाणला. मुकादम रक्ताच्या थारोळ्यात कोसळला. पळता पळता ओरेस्ते एका जिन्यात घुसला. वर नीवेस राहायची. जहाजांची शिडं शिवणारी, युद्धात नवरा गेलेली. तिने काही न विचारता दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बातमीही तिनेच आणली, मुकादम गेला.

तेव्हापासून तो तिच्या माळ्यावर होता. जिन्यात पाऊल वाजलं की दोघंही श्वास रोखायची. त्या भीतीतच कधीतरी दोघांचं अंथरूण एक झालं. प्योंबिनो गावात त्याची बायको होती, दोन मुली होत्या.

"घरी एक चिठ्ठी तरी टाकू दे," तो म्हणायचा.

"टपालावर नजर असते त्यांची. मरायचंय का तुला?"

आता दोघं फळीजवळच्या पोलिसापाशी पोचली.

"कुठं निघालात?" पोलिसाने विचारलं.

"बहिणीकडे. हा माझा नवरा," नीवेस म्हणाली.

"बोलत नाही वाटतं?"

"सहा वर्षं झाली लग्नाला. आता काय बोलणार?"

पोलीस हसला आणि बाजूला झाला. फळी दोन पावलांवर होती.

"ओरेस्ते! अरे गाढवा!"

तो जागीच थिजला. मागून काठी टेकत बाल्दाच्ची येत होता. कपाळावर ही एवढी खूण.

"चार महिने कुठं तोंड काळं केलंस? पाय घसरून पडलो, असं लिहून दिलं मी पोलिसांना. तुझी बायको माझ्या उशाशी येऊन रडत बसली, काय करणार! अजून दर सोमवारी येते, गोदीच्या दारात तुझी चौकशी करत उभी राहते."

ओरेस्तेला हसावं की रडावं कळेना. "नीवेस, अगं, हा जिवंत आहे!" म्हणत तो वळला. नीवेस बाल्दाच्चीकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"आधी खरंच वाटलं होतं, गेला म्हणून," ती म्हणाली. "महिन्याभराने मासळीबाजारात दिसला."

बोटीचा भोंगा झाला. ओरेस्ते हलला नाही. नीवेसने त्याच्या हातातली पिशवी हळूच सोडवून घेतली आणि ती एकटीच फळीवरून बोटीत चढली.