आईचे हातमोजे

डॉक्टर बुरांडेबाईंनी आधी शलाकाचे तळपाय पाहिले. ते स्वच्छ होते. लाल पुरळ उठलं होतं ते फक्त तळहातांवर.

"स्पर्शमोजे घालतेस ना? कुणाचा स्पर्श साठवलाय?"

"आईचा. ती तूप लावून काशाच्या वाटीने माझे पाय घासायची, तेव्हाचा. पायमोज्यांत मला जाणवायचं ते आहे, हातमोज्यांत तिला जाणवायचं ते." आईला जाऊन तीन महिने झाले होते, आणि शलाका हे किराण्याची यादी सांगावी तसं सांगत होती.

बाईंनी हातमोजे यंत्राला जोडले. पडद्यावरची रेघ सरसर वर चढली.

"तुझ्या आईला काशाचं वावडं होतं गं. वाटी धरली की तिच्या हातांना खाज सुटायची, आग व्हायची. मोजे तेच तुझ्या नसांना सांगतात, आणि तुझी कातडी ते खरं मानते. एवढी खाज गाळून देते, मग घाल खुशाल."

"गाळू नका." शलाका रेघेकडे पाहत राहिली. "कधी सुरू होते खाज?"

"दुसऱ्याच मिनिटाला."

आई रोज अर्धा तास घासायची, कारण शलाका डोळे मिटूनच म्हणायची, "अजून थोडं."