घरमालकिणीचा हॅम

जुनी विनोदी रंगभूमी आपल्यावाचून पोरकी झालीय, अशी लायनेल टॅटरसॉलची पक्की समजूत होती. म्हणून पट्ट्यापट्ट्यांचा कोट आणि गवती टोपी घालून तो इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या वृद्धाश्रमात युकुलेले नावाची चिमुकली गिटार खाजवत उभा होता. गाणं संपलं की विनोद, आणि विनोद सगळे दौऱ्यावरच्या नटांना खोली देणाऱ्या कंजूष घरमालकिणीवर. त्या काळची ती रीतच होती.

“आमची घरमालकीण हॅम इतका पातळ कापते—”

“की त्यातून पेपर वाचता येतो,” पहिल्या रांगेतल्या, नव्वदी ओलांडलेल्या विनिफ्रेड आजी म्हणाल्या.

“आणि तिच्या सूपमध्ये कोंबडी—”

“नसतेच. नुसती वरून उडून जाते.”

बाकीचे म्हातारे खो खो हसले. आजींनी पाचही विनोद असेच आधी संपवले, पण स्वतः एकदाही हसल्या नाहीत. अखेर एक जातिवंत रसिक भेटली, असं वाटून चहाच्या वेळी लायनेल त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला.

“आजी, तुम्ही नक्की रंगमंच गाजवलेला दिसतोय!”

“मी कसला गाजवतेय? ती घरमालकीण मीच. वीस वर्षं त्या मेल्यांना पोटभर खाऊ घातलं. सकाळी ढेकर द्यायचे आणि संध्याकाळी माझ्यावर गाव हसवायचे. हॅम आणायला गेले तर खाटीकसुद्धा विचारायचा, ‘बाई, खायला हवाय की वाचायला?’”

लायनेलने ओशाळून टोपी काढून हातात घेतली.

आजी केक कापणाऱ्या बाईकडे वळल्या. “ह्यालाही दे गं एक काप. पण त्यातून पेपर वाचता आला पाहिजे.”