मऊ सूत

चहाचा ट्रे घेऊन शैलजा अंगणात आली आणि जागीच थबकली. एकोणसाठ सालच्या इम्पाला गाडीचा बंपर नवरा घासून पुसत होता. हातातलं कापड पॉलिशनं काळंकुट्ट झालं होतं, तरी त्याचा डाळिंबी काठ तिनं ओळखला. आईचं लुगडं! लेक बाळंतपणाला येणार, तिच्या बाळाचं पहिलं दुपटं शिवायला जपून ठेवलेलं.

"अहो, हे कुणाला विचारून फाडलंत?"

"फाडलं कुठं? कात्रीनं नीट कापलंय." विश्वासराव बंपरमध्ये स्वतःचं तोंड न्याहाळत म्हणाले, "नव्या कापडानं ओरखडे उठतात गं. हे धुऊन धुऊन कसं लोण्यासारखं झालंय! सासूबाई गेल्या, पण कामाला आल्या."

गाडीभोवती जमलेले, जुन्या अमेरिकन गाड्यांपायी वेडे झालेले त्यांचे मित्र खो खो हसले आणि देवाचं दर्शन घ्यावं तसे बंपरपुढं वाकले. शैलजाच्या आजारी आईला या माणसानं दवाखान्यात न्यायलासुद्धा या गाडीत बसू दिलं नव्हतं. का, तर सीटला औषधाचा वास लागेल!

त्या मित्रांपैकी घोरपड्यांनी लुगड्याचा तुकडा बोटांत चोळून पाहिला. "आमच्या आईकडं आहेत की अशी दोन. पण अजून नेसते ती."

"मग नेसू दे की," विश्वासराव म्हणाले. "घाई कसली? तोवर आणखी मऊ होतील."