जानेवारीतलं कुरण

गाडीतून सगळ्यांत आधी नूरैनच उडी मारून उतरली, आणि उतरली तिथेच थिजली. सौदीतल्या अभा शहराच्या वर, ढगांना हात लागेल एवढ्या उंचीवरचं ते कुरण. ऑगस्टात, शाळेच्या उन्हाळी सुट्टीत आली होती तेव्हा कसलं हिरवंगार होतं! बूट फेकून ती त्यात मनसोक्त लोळली होती. आणि आता? सगळं पिवळं. गुडघाभर वाळकं गवत आणि बोचरा वारा.

"अब्बा, हे काय?"

बदरुद्दीन मान खाजवू लागले. "मला वाटलं, आपल्या जुबैलकडे वाळवंटाला हिरवळ फुटते ती थंडीतच. इथे ऑगस्टात एवढं, तर जानेवारीत किती असेल!"

"वाटलं म्हणे!" गाडीची काच दोन बोटं खाली करून अम्मी म्हणाली. "पंधरा तास गाडी हाकलीत, पण कुणाला एक फोन करून विचारवलं नाही." आणि काच वर.

एरवी नूरैन खो खो हसली असती. पण मागच्या सीटवरून पांडूकाका उतरत होते. अब्बांच्या कंपनीत बावीस वर्षं वेल्डर. कॅम्प, बस, प्लांट, बस, कॅम्प. पुढच्या आठवड्यात ते कायमचे गावी, पाटणला निघाले होते. "सौदी म्हंजे नुसती वाळू," असं ते म्हणाले, तेव्हा नूरैननेच ऐटीत सांगून टाकलं होतं, "काका, हिरवा डोंगर दाखवल्याशिवाय तुम्हाला जाऊच देणार नाही. प्रॉमिस!" त्यासाठी ते नवा शर्ट घालून आले होते.

"सॉरी काका," ती पुटपुटली. "तेव्हा खरंच हिरवं होतं हो. अल्लाशप्पथ."

काकांचं लक्षच नव्हतं. ते गवतात शिरले. वाकून त्यांनी एक काडी मोडली, हुंगली, दाताखाली धरली.

"पोरी, ह्याला मालक न्हाय कोन?"

"नाही. पार्क आहे ना हे."

"आन कापत बी न्हाय कोन?"

"कापायचं कशाला?"

बिर्याणीचं पातेलं कचऱ्यात ओततात असं तिने सांगितल्यासारखे काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घाईघाईने फोन काढून व्हिडिओ कॉल लावला.

"पारू! ए पारू! हे बघ."

पडद्यावर पारूकाकू पदर सावरत आल्या. "आगं बया! किती वो हे! कुनाचं?"

"कुनाचंच न्हाय."

"आन आसंच उभं? दोन वर्सं पुरंल की वो!"

"दोन? पाच म्हन, पाच!"

"काकू, उन्हाळ्यात ना, हे हिरवंगार असतं!" नूरैनने मध्येच तोंड घातलं.

"आसंल गं बाई. पर वाळलंय बी कसं ब्येस!" काकूंची नजर हटत नव्हती. "थांबा, धरा तसंच."

फोन घेऊन त्या लगबगीने कुठेतरी निघाल्या. अंगण हललं, गोठ्याचं दार दिसलं, आणि मग पडदाभर एक काळंभोर, ओलं नाक.

पांडूकाका नव्या शर्टासकट गवतात बसले. फोन खाली नेऊन त्यांनी गवताच्या अगदी जवळ धरला.

"दिसतंय का गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.