मोरचूद

पोहण्याचा तलाव साफ करायला आलेल्या कल्पेशने व्हिटॅमिन सीची गोळी भिंतीवर थोडा वेळ घासली आणि बाजूला केली. तांबूस डागाच्या मधोमध गोळीएवढा पांढरा ठिपका उमटला.

"हे लोखंड," तो म्हणाला. "बोअरच्या पाण्यातलं. याचं टेन्शन नाही, निघतं. पण ते बघा मॅडम." त्याने खोल बाजूकडे बोट केलं. तिथे भिंतीवरून निळे-हिरवे ओघळ उतरले होते. "ते तांबं. तुमच्या पाइपात, मोटरीत कुठेच तांबं नाही. मग येतं कुठून?"

लियोरा वाकून ते ओघळ बघू लागली.

इस्रायलमधल्या अश्दोदहून ती पनवेलला येऊन आठवडाच झाला होता. गावाबाहेरच्या या बंगल्यात आता पप्पा एकटेच राहत. सोबतीला मैना. करंजाची कोळीण, आई होती तेव्हापासून स्वयंपाकाला. तलाव हा आईचा हट्ट. आई, म्हणजे रुथ, रोज सकाळी पोहायची आणि पप्पा काठावर टॉवेल घेऊन बसायचे. न्हावा शेवाच्या बंदरात त्यांची सगळी नोकरी झाली, पण पोहायला ते कधी शिकले नाहीत.

आई गेल्यानंतर तलावाला कसली पीडा लागली कोण जाणे. भरला की चार दिवसांत डाग. मग उपसा, घासा, वाळवा. वर्षभर हेच चाललं होतं.

"रुथचा तलाव असा बघवत नाही गं," पप्पा म्हणाले. "एकदा नितळ करून दे मला. बाकी काही नको."

लियोराचा जीव कळवळला. पप्पा किती वाळले होते! घड्याळ मनगटावरून घरंगळत होतं. जेवायला बसले की दोन घासांवर हात थांबायचा. आणि मैनाची नजर सतत त्यांच्यावर. ते बागेत निघाले की ही मागे. ते फोनवर बोलू लागले की ही दारात.

"मैनाबाई, पप्पा काय लहान आहेत का?" लियोराने शेवटी विचारलं.

"नाय," मैना म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

त्याच दिवशी लियोराला ती कडी दिसली. पप्पांच्या खोलीच्या दाराला, बाहेरून बसवलेली. नवीकोरी. तिने पप्पांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कोठीत कांदे काढताना पोत्यामागे एक पिशवी हाताला लागली. आत निळे चमकदार खडे. मोरचूद. झाडांवर फवारतात तो. पोटात गेला तर माणसाला जगवत नाही, एवढं लियोराला ठाऊक होतं. पिशवी अर्धी रिकामी होती.

त्या रात्रीपासून पप्पांचं ताट ती स्वतः वाढू लागली. आधी स्वतः चाखून.

आणि मग एका दुपारी, पप्पा झोपलेत असं बघून मैना तलावाकडे निघाली. तिची मूठ आवळलेली होती. ती पाण्यावर वाकली आणि निळे खडे बुडबुड करत तळाला गेले.

"मैनाबाई!"

मैना दचकून वळली.

"किती दिवस चाललंय हे? त्यांच्या जेवणातपण घालता का?"

मैनाचं तोंड उतरलं. ती लियोराच्या मागे, व्हरांड्याकडे बघत होती. पप्पा तिथे खांबाला धरून उभे होते.

"साहेब…"

"मैना, एक शब्द नको," पप्पा म्हणाले. "लियोरा, वाद घालू नकोस. जाऊ दे तिला."

मैनाने गाठोडं बांधलं. फाटकापाशी ती थांबली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, रातच्याला साहेबांच्या खोलीला कडी लावा. भायेरून. इसरू नका."

लियोराने फाटक आपटून लावलं. म्हाताऱ्या माणसाला या बाईने कोंडून ठेवलं होतं तर! दिवेलागणीला तिने स्वतः स्क्रू काढले आणि कडी कचऱ्यात फेकली.

कल्पेशने तलाव उपसला, भिंती धुतल्या, या वेळी बोअरऐवजी टँकर मागवले. शुक्रवारी सकाळी तलाव काठोकाठ भरला होता. तळाची एकेक फरशी मोजून घ्यावी असं पाणी.

पप्पा बराच वेळ काठावर उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि लियोराने केलेले पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत संपवले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा, बाळ. तू आलीस म्हणून झालं हे."

लियोराचे डोळे भरून आले.

"आज शब्बाथ, आपला विसाव्याचा वार," ते म्हणाले. "संध्याकाळी पापलेट कर, तुझ्या आईसारखं. बाजारात जाऊन नीट बघून आण. घाई करू नकोस."

पनवेलच्या मासळीबाजारात नेहमीसारखी ओरड चालली होती. पापलेटांच्या टोपल्या बघत ती पुढे सरकली आणि थबकली. एका पाटीमागे मैना बसली होती, बहिणीबरोबर मासे कापत. लियोराने मान फिरवली.

"ताई!" मैनानेच हाक मारली. "तलावाचं काय केलंत?"

"भरला. काठोकाठ," लियोरा ताठ आवाजात म्हणाली. "आणि एक डाग नाही."

मैनाचा कोयता थांबला. "साहेबांजवळ कोन हाय?"

"कोणी नाही. त्यांनीच पाठवलं मला."

मैना उठली. मांडीवरची मासळी चिखलात पडली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. ओल्या हाताने तिने लियोराचं मनगट धरलं आणि तिला रिक्षांच्या दिशेने ओढू लागली.

"तलाव रिकामा ऱ्हावा म्हनून घान करीत व्हते मी, ताई. साहेबांनी शपथ घातली, म्हनून गप ऱ्हायले. मागल्या साली त्याच पान्यातून मी त्यांना ओढून काढलं. पाय घसरून नव्हते पडले ते."