मोरजीच्या वाटेवर

एकट्या बायकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी डिचोलीहून मोरजीपर्यंत सायकलफेरी निघायची होती. सायकलवर बसलेल्या गौरवीच्या शर्टाच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या आईसाठी'. ती आई, देवकी, पदराला हात पुसत गर्दीत उभी होती. खनिजाच्या ट्रकवाल्यांना जेवण रांधून घालत तिने लेकीला एकटीने वाढवलं होतं. आजही ती चुलीपुढून उठून तशीच आली होती.

झेंडा दाखवायला पणजीहून पुढारी शिवदासबाब आले होते. एकटीने संसार ओढणाऱ्या मातांवर ते भरभरून बोलले, बोलता बोलता त्यांनी रुमालाने डोळेही टिपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौरवीने ते भाषण दात आवळून ऐकलं.

झेंडा हलला, पण सगळ्यांत पुढे असलेली गौरवी पाय टेकून उभीच राहिली. तिच्यामागे सगळेच अडकले.

"जा गो बाय, कोणाची वाट बघतेस?" शिवदासबाब हसून म्हणाले.

"आईची. झेंडा तिने दाखवल्याशिवाय मी हलायची नाही."

"कोण गो तुझी आई?"

गौरवीने गर्दीकडे बोट केलं. शिवदासबाबांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

देवकी पुढे आली. त्यांच्या हातातून झेंडा काढून घेत ती म्हणाली, "लेक ओळखली नाहीस ना? कशी ओळखणार! तू आम्हांला टाकून गेलास, तेव्हा ही पाळण्यात होती."

आणि तिने झेंडा दाखवला.